४५४ ग्रॅमचा व्हर्टिकल स्पिनर: दात नुसता घासतोय, आणि हत्यार फिरवलं की रिसीव्हर बंद

गोदाकाठ_नांदेड:
मंडळी, रोबो-लढतीच्या १ पौंडाच्या (४५४ ग्रॅम) वर्गासाठी व्हर्टिकल स्पिनर, म्हणजे उभं फिरणाऱ्या हत्याराची रेडिओवर चालणारी गाडी, तयार होतोय. ढाचा ८ मिमी एचडीपीईचा (भाजी कापायचा बोर्ड), तळही त्याचाच, १०० x ९० मिमी. चाकांना दोन एन२० गिअर मोटर, १२ व्होल्ट १००० आरपीएम, चाकं ४० मिमी फोमची. हत्यार ७० मिमी लांब, २० मिमी रुंद, ४ मिमी जाड एमएस (साध्या लोखंडाची) पट्टी, दोन्ही टोकांना दात, २२०५ साइझच्या २३०० केव्ही (व्होल्टमागे मिनिटाला २३०० फेरे) ब्रशलेस मोटरच्या बेलवर (बाहेरच्या फिरणाऱ्या कवचावर) थेट स्क्रूने. बॅटरी ३एस (तीन सेलची) ४५० एमएएच २५सी (क्षमतेच्या २५ पट प्रवाह देणारी). रेडिओ फ्लायस्काय एफएस-आय६.

अडचणी:
१) बंद पेटीत लाकडी ठोकळ्यावर चालवला तर दात नुसता खरवडतो, ठोकळा उडत नाही.
२) स्टिक एकदम वर नेली की रिसीव्हरचा दिवा विझतो आणि गाडी दोनेक सेकंद मेल्यासारखी.
३) थोड्या ठोक्यांनंतर बेल थरथरते.
४) वजन ४७१ ग्रॅम भरतंय.
जास्त केव्हीची मोटर टाकावी का?

वाळूज_फिटर:
केव्ही वाढवू नका, उलट कमी करा. तुमचा पहिला प्रश्न ताकदीचा नाही, दात किती आत शिरतो याचा आहे. हिशोब असा: समोरच्याकडे जाण्याचा वेग भागिले (सेकंदाला फेरे गुणिले दातांची संख्या).

तुमची चाकं ४० मिमी, १००० आरपीएम, म्हणजे गाडी जास्तीत जास्त सेकंदाला २ मीटर जाते. २३०० केव्ही गुणिले ११.१ व्होल्ट म्हणजे मिनिटाला साडेपंचवीस हजार फेरे, सेकंदाला ४२५. दात दोन. २००० मिमी भागिले ८५० म्हणजे २.३५ मिमी. हेही गाडी पूर्ण वेगात असेल तर. जवळून ढकलत गेलात तर वेग अर्ध्यावर येतो आणि दात जेमतेम एक मिमी आत जातो. पट्टी इतकी जोरात फिरतेय की समोरच्याला ती सलग चकतीच लागते, दाताला मध्ये शिरायला जागाच मिळत नाही.

फेरे अर्धे केले तर हाच आकडा ४.७ मिमी होतो. मात्र साठलेली ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गात बदलते, त्यामुळे ती चौथाईवर येते. तुमची ४५ ग्रॅमची पट्टी पूर्ण वेगात कागदावर ६५ ज्यूलच्या आसपास धरते, अर्ध्या वेगात १६. वाईट वाटून घेऊ नका, घासून वाया जाणारे ६५ काय कामाचे? लागलेले १६ ज्यूल एवढ्याशा गाडीला सहज उलटवतात. ऊर्जा परत हवी असेल तर वेग न वाढवता पट्टी लांब किंवा जड करा. लांबी वर्गात मोजली जाते, म्हणून ७० ची ८५ मिमी केली तरी बराच फरक पडतो.

आधी फुकटचा उपाय करून बघा: रेडिओच्या एंड पॉइंट्समध्ये हत्याराच्या चॅनलची वरची मर्यादा ६० टक्क्यांवर आणा आणि ठोकळ्यावर पुन्हा चालवा. ठोकळा उडायला लागला तर निदान बरोबर. मग एकच दात ठेवून दुसऱ्या टोकाला तेवढंच वजन सोडता येतं, आत शिरणं दुप्पट होतं. पण तोल काढावा लागतो. पट्टी भोकातून बारीक गुळगुळीत सळईवर आडवी टांगा, जे टोक खाली येईल ते घासा, कुठंही थांबली तरी फिरणार नाही तोवर.

आणि फिरण्याची दिशा बघितली का? समोरच्या बाजूला दात खालून वर जायला पाहिजे. उलटा फिरत असेल तर समोरचा जमिनीला दाबला जातो आणि उडी तुमचीच गाडी मारते. मोटरच्या तीन तारांपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की दिशा फिरते.

बेल थरथरते कारण ड्रोनच्या मोटरचा शाफ्ट एकाच बाजूने धरलेला असतो. तो पंखा फिरवायला केलेला, घाव झेलायला नाही. ठोक्याने शाफ्ट वाकतो, मग बेलचे चुंबक आतल्या लोखंडी गाभ्याला घासतात. पट्टी मोटरवरून उतरवा. ५ मिमीचा १२.९ ग्रेडचा बोल्ट दोन्ही भिंतींत घट्ट, न फिरणारा, त्यावर दोन फ्लँज बेअरिंग, त्यावर पट्टी. मोटर मागे बसवून ओ-रिंगचा पट्टा, पुली १:२. फेरे आपोआप अर्धे होतात, आणि पट्टी अडकली तर ओ-रिंग घसरते, मोटर जळत नाही. ओ-रिंग ताणून बसवा, दोनचार जास्तीच्या जवळ ठेवा, घासून सैल पडतातच. पुली बसली की ६० टक्क्यांची मर्यादा काढून टाका.

जालना_लेझर:
वरचं सगळं मान्य, पण एमएस पट्टी ठेवून हे करू नका. एमएसचा दात पोलादी वेजला (समोरच्या गाडीच्या उतरत्या पत्र्याला) लागला की गोल होतो आणि मग पुन्हा घासणंच. ४ मिमी हार्डॉक्स किंवा तसलीच झीजरोधक प्लेट घ्या. जालन्याला स्टील मुबलक, पण ते बहुतेक बांधकामाच्या सळईचं, या कामाचं नाही. प्लेट वाळूज, चिकलठाण्याकडच्या लेझर कटिंगवाल्यांकडे विचारा. एका तुकड्यासाठी कोणी मशीन लावत नाही, डीएक्सएफ ड्रॉइंगच्या फाइलमध्ये पाचसहा पट्ट्या एकत्र मांडा.

सगळी भोकं ड्रॉइंगमध्येच द्या. साध्या एचएसएस ड्रिलने हार्डॉक्सला नंतर भोक पाडायला गेलात तर ड्रिलची धारच जाते. प्लेटच्या जाडीपेक्षा लहान भोक लेझर नीट काढत नाही, म्हणजे ४ मिमी प्लेटमध्ये ३ मिमीचं भोक मागू नका.

ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा वापरा असं कोणीतरी सांगेलच. पोलाद चांगलं आहे, पण पाटा या वजनाला फार जाड, घासून पातळ करताना तापतो आणि कड फार तापली की तिथला कडकपणा जातो. घासायचंच असेल तर दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवून.

गोदाकाठ_नांदेड:
दिशा बरोबर आहे, वर जातो. ६० टक्क्यांवर ठोकळा हलला! पण रिसीव्हर अजून मरतो, थोडा कमी वेळा.

तारजोड_परभणी:
तो व्होल्टेज पडण्याचा प्रकार आहे, रिसीव्हर खराब नाही. ४५० एमएएच गुणिले २५सी म्हणजे ११ अँपिअर, तेही लेबलवर. थांबलेली ब्रशलेस मोटर एकदम फुल मागितली की क्षणभर २० च्या वर मागते. बॅटरी बसते, चाकांच्या ईएससीतलं (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधलं) ५ व्होल्टचं बीईसी (रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग) बसतं, आणि रिसीव्हर ४ व्होल्टखाली गेला की बंद. ६० टक्क्यांवर मागणी कमी, म्हणून तुम्हाला फरक दिसला.

या क्रमाने जा. ७५सी ची बॅटरी घ्या, लेबलं फुगवलेली असतात हे धरून. हत्याराच्या ईएससीच्या बॅटरीकडच्या टोकांवर ३५ व्होल्ट ४७० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर कपॅसिटर, पाय आखूड ठेवून, धन-ऋण तपासून. बॅटरीपासूनच्या तारा १८ गेजच्या सिलिकॉनच्या. हत्याराच्या ईएससीत बीएलहेली हा प्रोग्रॅम असेल तर स्टार्टअप पॉवर एकदोन पायऱ्या उतरवा. दोन्ही ईएससीत बीईसी असेल तर एकाची लाल तार रिसीव्हरपासून तोडून टेप मारा, काळी मात्र दोन्हींची जोडलेली हवी. आणि एन२० च्या दोन टोकांमध्ये १०४ चा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर लावा, ब्रशची खरखर कमी होते. त्या मोटरचे पत्र्याचे पाय हादऱ्याने तुटतात, डाग दिल्यावर वर गरम गोंद सोडा.

आता जास्त महत्त्वाचं. रिसीव्हर मेल्यावर हत्यार थांबतं का? रेडिओच्या सिस्टिम मेनूत आरएक्स सेटअपमध्ये फेलसेफ आहे, सिग्नल तुटल्यावर काय करायचं ते तिथं ठरतं. हत्याराचा चॅनल पूर्ण खाली, चाकांचे दोन्ही मध्यावर. पट्टी काढून ठेवा, मोटर फिरवा, रेडिओ बंद करा. मोटर लगेच थांबली पाहिजे. याशिवाय कुठल्याही बऱ्या स्पर्धेत तपासणीतच बाहेर काढतात. चाकं वेडीवाकडी पळत असतील तर रेडिओतलं एलेव्हॉन (दोन चॅनल एकत्र मिसळणं) आणि ईएससीतलं तसलंच मिक्सिंग दोन्ही चालू आहेत का बघा, एकच ठेवायचं.

बॅटरी फुगली असेल तर वापरणं तिथंच थांबवा, टोचू नका. अंगणात वाळूच्या बादलीत ठेवून गाडीचा १२ व्होल्टचा इंडिकेटर बल्ब जोडून रिकामी करा, मग ई-कचऱ्यात. नव्या बॅटरीला ०.४५ अँपिअरने, बॅलन्स लावूनच चार्ज. चार्ज करून दुपारी स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नका, आपल्याकडचा मे महिना आहे. वापर नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर.

वाळूज_फिटर:
वजनाचं राहिलं. १७ ग्रॅम जास्त, त्यात पुली, बोल्ट, बेअरिंगचे १५-२० धरा, म्हणजे ३२-३७ कमी करायचे. तळाला ८ मिमी कशाला? ३ मिमी करा, ४३ ग्रॅम तिथंच सुटतात. बाजूच्या भिंती ८ च राहू द्या, घाव तिथं बसतात. एम४ चे स्क्रू असतील तर एम३ करा, बारा स्क्रूंत दहाएक ग्रॅम जातात. एक्सटी६० ऐवजी एक्सटी३० जोड. सुटलेलं वजन हत्यारात घाला.

थ्रीडी प्रिंट करणार असाल तर टीपीयू (लवचिक प्लास्टिक). पीएलए (नेहमीचं प्रिंटचं प्लास्टिक) ठोक्याने तडकतं आणि ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. धातूत जाणाऱ्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक, प्लास्टिकजवळ नको, काही प्लास्टिकला तडे जातात. वजन किचन काट्यावर नको, सराफाच्या काट्यावर करा, नियम ४५४ म्हणतो तिथं ४५५ चालत नाही.

आणि ती बंद पेटी कशाची आहे? अॅक्रिलिकची असेल तर नवी पट्टी त्यात फिरवू नका, ते फुटून तुकडे उडतात. पॉलिकार्बोनेट ६ मिमी, भरीव. पत्र्याच्या दुकानात शेडचं पोकळ कप्प्यांचं देतात, ते नको, सॉलिड म्हणून मागा. तळाला १८ मिमी प्लाय, झाकणाला दोन कड्या, आणि बॅटरीची जोडणी झाकण लावायच्या अगदी आधी.

गोदाकाठ_नांदेड:
अॅक्रिलिकच आहे, ४ मिमी. पट्टी काढून ठेवली, आता फक्त फेलसेफ तपासतो.