मदत हवी आहे: बागायतदाराच्या मनातली पावसाची शक्यता मोजायची कशी?

नमस्कार मंडळी. सांगलीत अर्थशास्त्रात एम.ए. करतोय. प्रकल्पासाठी तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांना विचारतोय, फुलोऱ्यात अवकाळी पाऊस येईल असं किती वाटतं? तोंडी विचारलं की "ते वरच्याच्या हातात" म्हणतात. म्हणून गोट्यांची पिशवी नेली. पाऊस आला तर शंभर रुपये घ्याल, की वीस गोट्यांतून लाल निघाली तर शंभर? पैसे दोन्हीकडे हंगाम संपल्यावरच. किती लाल असल्या की दोन्ही सारखंच वाटेल, तो त्यांचा अंदाज धरायचा.

एका काकांनी नऊ सांगितल्या. "म्हणजे जवळजवळ निम्मी शक्यता?" तर म्हणाले, "पडंल म्हणून न्हाई बाळा. पडला तर बाग गेली, तवा शंभर तरी हातात असूंदेत."

रात्री हिशेब मांडला. समजा त्यांच्या मते शक्यता २० टक्केच, पण पावसानंतरच्या डाऊनी (बुरशी) रोगानं बाग गेलेल्या वर्षी शंभराची नोट तिप्पट मोलाची. पावसाच्या पैजेचं मोल ०.२ × ३ = ०.६. लाल गोटी पाऊस असो-नसो निघते, तिथलं सरासरी मोल ०.२ × ३ + ०.८ × १ = १.४. ०.६ ÷ १.४ म्हणजे ४३ टक्के, म्हणजे नऊच गोट्या! खरा अंदाज चार गोट्यांचा. बरं, ज्याला खरंच ४३ टक्के वाटतं आणि नोट दोन्ही वर्षी सारखीच वाटते, तोही नऊच सांगणार.

पैजेवरून विश्वास मोजायची कल्पना मांडताना तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्से यांनी १९२६ मध्येच अट घातली होती: सुरुवात अशा गोष्टीपासून करा, जी घडली काय न घडली काय, माणसाला सारखंच. संख्याशास्त्रज्ञ सॅव्हेज यांची १९५४ची मांडणीही मिळणाऱ्या बक्षिसाचं मोल परिस्थितीनुसार बदलत नाही असं धरून चालते. तासगावात पाऊस कुणाला सारखा आहे?

सरांनी ब्रायर यांची १९५०ची गुणपद्धत सुचवली, म्हणजे सांगितलेली शक्यता प्रत्यक्षाच्या जितकी जवळ, तितकं बक्षीस जास्त. पण बक्षीस पैशातच, त्यामुळे अडचण तीच. बाग नसलेल्यांना विचारावं, तर ते या दिवसांत आभाळाकडे तितकं बघत नाहीत. फळपीक विमा काढलेल्यांना विचारावं असंही वाटतं, त्यांचं नुकसान थोडं तरी भरून निघतं, पण ज्याला पावसाची धास्ती जास्त तोच विमा काढत असेल तर?

कुणी असं क्षेत्रकाम केलंय का? नऊ गोट्यांतली शक्यता किती आणि गरज किती, हे वेगळं काढता येईल असा एखादा प्रश्न सुचवाल का? पुढच्या ऑक्टोबर छाटणीआधी पुन्हा त्याच काकांकडे जायचंय.