अनुभव धागा: कार्निकचं पोस्टिंग

कार निकोबारच्या हवाई दलाच्या तळावर राहून आलेले इथे बरेच जण दिसतात. आपण सगळे त्याला कार्निकच म्हणायचो. लिहा मंडळी, जमेल तसं. सुरुवात मी करतो.

पोर्ट ब्लेअरच्या दक्षिणेला पावणेतीनशे किलोमीटर. आईला नकाशात बोट ठेवून दाखवलं, तर म्हणाली, "हा तर शाईचा डाग."

मी एमआय-८ हेलिकॉप्टरवर इलेक्ट्रिकल फिटर होतो. तिथे भांडण खाऱ्या हवेशी. उड्डाण संपलं की अख्खं हेलिकॉप्टर गोड्या पाण्यानं धुवायचं. तरीही कॅनन प्लग, म्हणजे वायरी जोडायचा बहुपिनी प्लग, उघडला की आतल्या पिना हिरव्या. मग टूथब्रश नि स्पिरिट घेऊन एकेक पिन घासत बसायचं, घाम नाकावरून थेट प्लगमध्ये. सवय अशी लागली की सुटीवर आल्यावर बायकोच्या मिक्सरचा प्लगही घासून दिला. ती अजून चिडवते.

*

तुमच्या घासण्यावरून आठवलं. आमचं क्वार्टर समुद्राला इतकं लागून की खिडकीच्या गजांचा गंज रोज पुसावा लागे. पहाटे पाच-सव्वापाचला उजाडायचं आणि डिसेंबरात संध्याकाळी साडेपाचला काळोख, त्यामुळे मुलांची जेवणं सातलाच. एएन-३२ चं कुरिअर, म्हणजे सामान आणणारं हवाई दलाचं विमान, हवामानामुळे चुकलं की पालेभाजीचं नाव नको. एकदा शेजारचे भाऊजी सुटीवरून परतताना ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून कोथिंबिरीची जुडी घेऊन आले. आम्ही पाच घरांनी काड्या मोजून वाटून घेतली! मी माझ्या वाट्याची दोन दिवस नुसती पाण्यात उभी करून ठेवली होती. चिरवेना.

*

मी एसटीडी बूथवरचा. उपग्रहाची लाइन, आपलाच आवाज कानात परत यायचा. आई मध्येच बोलायला लागली की दोघांचंही वाया. तिला "ओव्हर" म्हणायला शिकवलं होतं. आता मोबाइलवरही कधीकधी म्हणते.

*

वाचत होतो, लिहावं की नाही ठरत नव्हतं. मी २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर एएन-३२ वर होतो, मुख्य भूमीवरून मदत घेऊन जायचो. धावपट्टीचा काही भाग लाटांनी नेला होता, उरलेल्या लांबीत उतरायचं. तळावरची माणसं आणि कुटुंबं मिळून शंभरावर गेली होती. त्यातले काही माझ्या ओळखीचे.

परतीच्या फेरीत विमान माणसांनी गच्च. रॅम्प, म्हणजे विमानाचं मागचं दार, बंद करताना खाली पाहिलं तर सगळे पाय अनवाणी. रविवारी सकाळी जसे उठले तसे पळालेले. एका बाईंच्या एकाच पायाला अळता होता. दुसऱ्यावर चिखल.

वरच्या कोथिंबीरवाल्या वहिनी, तुमची क्वार्टरची रांग कोणती होती?

*

पहिली. आम्ही २००३ च्या मे महिन्यात तिथून बदलून आलो. आमच्यानंतर तिथे राहायला आलेल्यांना मी गॅसची शेगडी देऊन आले होते.