मदत हवी आहे: ऑक्सिजनचा फ्लो आपोआप कमी-जास्त करणारं यंत्र

सोलापुरात सीओपीडीच्या (श्वास अडवणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार) रुग्णांसाठी असं यंत्र लावायचं आहे. टार्गेट एसपीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ८८ ते ९२ टक्के, नेझल प्रॉंगने (नाकात लावायच्या नळीने) मिनिटाला १ ते ६ लिटर. घोडं अडतंय प्रोबपाशी, म्हणजे बोटाला लावून एसपीओटू मोजणाऱ्या सेन्सरपाशी. रुग्णाने हात हलवला किंवा बोटं गार पडली की रीडिंग खोटंच खाली येतं आणि यंत्र फ्लो वाढवत सुटतं. या रुग्णांत जादा ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड साचतो, म्हणजे भलताच घोळ. (नेलपॉलिश पुसायला सांगून झालंय!)

प्रोब कानाला लावून फरक पडतो का? सिग्नल खराब असताना फ्लो आहे तिथेच धरून अलार्म द्यावा, की ठरावीक बेसलाइनवर आणावा? रीडिंगची सरासरी किती सेकंदांची धरता? आणि वीज गेली की तुमचा व्हॉल्व्ह उघडा राहतो की बंद होतो?