‘अंब्रेला ऑर्गनायझेशन’ मराठीत कसं लिहाल? छत्र, छत्री, छाता

धरमपेठ: बचत गटांच्या एका महासंघाचा अहवाल मराठीत करतेय. ‘अंब्रेला ऑर्गनायझेशन’, म्हणजे अनेक संस्थांना एकत्र बांधणारी वरची संस्था, पानोपानी आहे. मी ‘छत्रसंस्था’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून ‘शिखर संस्था’ केलं. मला पटत नाही. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘उंब्रा’ आहे, म्हणजे सावली. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांत छत्री पावसाआधी उन्हासाठीच उघडते. शिखराची कसली सावली?

महाल: सहकारात ‘शिखर बँक’ केव्हाचं रुळलंय. ‘छत्रसंस्था’ वाचून मला तर अन्नछत्रच आठवलं.

प्रतापनगर: अन्नछत्रातलं छत्र वेगळं, ते मूळचं ‘सत्र’. आपलं छत्र ‘छद्’ म्हणजे झाकणे, यावरून. ‘छात्र’ही त्यातलाच. पाणिनीचं सूत्र आहे, ‘छत्रादिभ्यो णः’, म्हणजे छत्र वगैरे शब्दांना ‘ण’ प्रत्यय. पाणिनीवरची जुनी टीका काशिकावृत्ती सांगते, गुरूची उणीव झाकतो म्हणून शिष्य छात्र. संस्कृत शिकवायचो तेव्हा इथे वर्ग हमखास थबकायचा. छत्र गुरूच्या हाती असणार, असं मुलांनी धरलेलं असायचं.

इतवारी: आमच्या घरी छाताच म्हणतात. ‘पाणी येऊन रायलं, छाता घेऊन जा.’ पाचवीत निबंधात तसं लिहिलं तर बाईंनी लाल शाईनं गोल केला, ‘हिंदी शब्द’. अजून सलतं. सूत्राचं सूत होतं, क्षेत्राचं शेत होतं, मग छत्राचा छाता झाला तर तो परका कसा?

महाल: व्युत्पत्ती जुळली म्हणून शब्द मराठी ठरत नाही, भाऊ. छाता आपल्याकडे हिंदीतूनच आला. असंच चालू दिलं तर उद्या छत्री म्हणणारं कोणी उरणार नाही.

मौदा: आमच्याकडे धानाच्या रोवणीला ना छत्री ना छाता. पोत्याचा घोंगता. पोत्याच्या तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत खुपसायचा, टोक डोक्यावर, बाकीचं पाठीवर. वाकून रोवताना दोन्ही हात चिखलात, छत्री धरील कोण? आजीच्या घोंगत्याला ओल्या तागाचा वास यायचा. शब्द वाचवायचाच तर हा वाचवा.

प्रतापनगर: घोंगता नोंदवून ठेवतो. एक विचारतो, छत्रीची काडी म्हणता की तार?

महाल: काडी. तार विजेची.

इतवारी: तार! पोलादाची वस्तू काडी कशी?

प्रतापनगर: विलायतेतही आधी काड्या ‘व्हेलबोन’च्या, म्हणजे व्हेलच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांच्या, नाहीतर वेताच्या असत. सॅम्युएल फॉक्सनं १८५२ मध्ये पन्हळीसारख्या पोलादी पट्ट्या आणल्या. आपल्या ‘काडी’त बांबू शिल्लक आहे असं मला वाटतं.

धरमपेठ: अहवाल सोमवारी द्यायचाय. छत्रसंस्था ठेवू का? पितृछत्र, छत्रछाया आपण रोज बोलतो, मग इथेच का अडतं?

महाल: पितृछत्र हरपल्यावर बोलतो, ताई. संस्थेला तो सूर नको.

मौदा: मग ‘छत्रछाया संस्था’?

इतवारी: काल आजोबांची काळी छत्री दुरुस्तीला नेली. आठही टोकांशी कापड सुटलेलं. कारागिरानं मेणाच्या दोऱ्यानं एकेक टाका घातला आणि म्हणाला, ‘काड्या चांगल्या आहेत, तार एकच बदलली.’ विचारलं तेव्हा कळलं, त्याच्या लेखी लांब ती काडी, तिला दांड्याकडून टेकू देणारी आखूड ती तार.

महाल: हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या कुणा कारागिराकडून ऐकलंय का कोणी?