मदत हवी आहे: कोटाची काख तिसऱ्यांदा उसवली

अर्धवट_टीप:
प्रयोग 11 दिवसांवर आलाय. शिवण शिकायला लागून 6 महिने झाले, तेवढ्यावर सगळा कपडेपट माझ्या गळ्यात. मुख्य नटाचा लांब कोट काखेत सारखा जातोय. दुहेरी टीप मारली, जाड दोरा घेतला, उपयोग शून्य. कोणता दोरा वापरू? लवकर सांगा.

जुनी_कात्री:
कापड कोणतं? सुई कितीची? टीप उसवते की शेजारचं कापड फाटतं? आणि कोट घालून नट करतो काय, पत्र वाचतो की मारामारी?

झटपट:
ग्लू गन. आतून पट्टी चिकटवा, काम तमाम. मी तीन नाटकं अशीच काढली.

जुनी_कात्री:
मुकुटाला ठीक आहे. काखेत सारखं दुमडून सुटतं, आणि नाही सुटलं तर टोचतं.

वेल्क्रोप्रेमी:
कोट बदलायला वेळ किती मिळतो? पुढे वेल्क्रो लावा, बटणं वरून नुसती शोभेला.

आतलं_अस्तर:
आणि शांत प्रसंगात विंगेतून चर्रर्र! टिचबटणं लावा.

वेल्क्रोप्रेमी:
अंधारात घाईघाईत टिचबटण लावून बघा एकदा. विंगेत कधी उभे राहिलायत का?

आतलं_अस्तर:
26 प्रयोग. बरं, मग पँटचे मोठे हूक लावा.

अर्धवट_टीप:
अहो, काख! बटणांचं विचारलंच नाही मी. जाडसर कॉटन आहे, सुई मशीनला होती तीच. तलवारबाजी आहे, हात पार डोक्यावर जातो. आधी टीप जायची, आता कापडच फाटतंय. आणि हो, पहिल्या तालमीला तो "आवळतंय" म्हणाला, म्हणून मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, दीड इंच खाली कापला होता.

जुनी_कात्री:
हे आधी सांगायचं ना! दोऱ्याचा प्रश्नच नाही. जाड दोऱ्याने उलट घात केला: टीप तुटेना, म्हणून ताण कापडावर गेला. तुटलेली टीप पाच मिनिटांत परत मारता येते, फाटक्या कापडाचं काय करणार?

खरी गोम मुंढ्यात आहे. मुंढा खाली गेला की बाही काखेऐवजी बरगडीपाशी जोडली जाते. मग हात उचलला की कोटाची अख्खी बाजू वर ओढली जाते. मुंढा काखेलगत असला तर हात हलतो, कोट जागेवर राहतो. उलटं वाटतं, पण तसंच आहे. मीही दोन कोट असेच घालवलेत.

आता काखेखाली मुंढ्याची शिवण पुढे-मागे तीन-तीन इंच उसवा. बाही आणि कोट यांच्या मधे डोळ्याच्या आकाराचा तुकडा घाला: मधे तीन इंच रुंद, टोकांना निमुळता, उरेब म्हणजे तिरका कापलेला. दाब, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, वेगळा धरा. आधी मांजरपाटाचा तुकडा कच्च्या टाक्यांनी लावून त्याला तलवार फिरवायला सांगा. मग मशीन, नवी सुई घालून, 16 नंबरची.

झटपट:
एवढा वेळ असता तर धागा कशाला काढला असता?

अर्धवट_टीप:
एक बाजू झाली! हात सरळ वर जातो, कोट हलत नाही. पण तलवार उचलली की काखेतून पांढरा डोळा दिसतो.

जुनी_कात्री:
मांजरपाटावरच पक्की टीप मारलीत?

अर्धवट_टीप:
…दुहेरी.