मदत हवी आहे: सतरा महिन्यांची मुलगी अजून चालत नाही, वॉकर घ्यावा का?

लेकुरवाळी:
नमस्कार. उत्तर जरा लवकर हवं आहे, कारण शनिवारी सासूबाई गावाहून येतायत आणि वॉकर घेऊनच येते म्हणाल्यात. मुलगी सतरा महिन्यांची आहे, अजून चालत नाही. शेजारचं तिच्याहून लहान पोर पॅसेजमध्ये धावतंय आणि लिफ्टमध्ये भेटेल तो विचारतो, "अजून कडेवरच?" वॉकर घेऊ की नको? घेतला तर कुठला? घणसोलीत राहतो, घरात गुळगुळीत टाइल्स आहेत, त्यावर चाकं फार पळतात का? ज्यांच्या मुलांना खरंच उशीर झाला होता त्यांनीच लिहा प्लीज. "प्रत्येक मूल वेगळं असतं" हे ऐकून ऐकून पाठ झालंय.

मधुमालती:
वॉकर अजिबात आणू देऊ नका. आमचा धाकटा वॉकरसकट बाथरूमच्या उंबऱ्याला अडकून पालथा झाला, भुवईवर टाके पडले. मी दोन पावलांवर उभी होते, तरी पोचले नाही. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी आहे. त्यात मूल आसनावर लोंबकळत चवड्यांनी जमीन रेटतं, स्वतःचा तोल सांभाळायला शिकतच नाही. टाइल्सवर तर विचारूच नका.

सुहास_कोपरी:
असहमत. आमच्या दोन्ही मुली वॉकरमध्येच शिकल्या, आज दोघी कबड्डी खेळतात. लक्ष ठेवलं की काही होत नाही. लक्षच ठेवायचं नसेल तर पलंगही धोक्याचाच.

टेंभीनाका:
ताई, वॉकर नको, पांगुळगाडा घ्या. लाकडी, तीन चाकांचा. दोन्हींत मोठा फरक आहे. वॉकरमध्ये मूल बसतं, पांगुळगाड्याला ते स्वतः उभं राहून ढकलतं, म्हणजे भार स्वतःच्या पायांवर येतो. जांभळी नाक्याच्या बाजारातून घेतलेला आमचा अजून माळ्यावर आहे, हवा असेल तर विपूत (माझ्या विचारपूस पानावर) लिहा. फक्त टाइल्सवर चाकांना जुनं कापड गुंडाळा, नाहीतर गाडा पुढे आणि मूल मागे राहतं.

फिजिओ_नेरुळ:
मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे. वॉकर-पांगुळगाडा नंतर बघू. आधी हे सांगा: रांगते का? आधाराशिवाय कधी बसायला लागली? धरून उभी राहते का, स्वतः उठते की तुम्ही उभी करता? जन्म वेळेवर झाला का? डॉक्टर काय म्हणाले?

निर्मोही:
बोलायला उशीर होत असेल तर मोबाइल आधी बंद करा. दोन वर्षांच्या आत स्क्रीन शून्य हवा. आमच्या भाचीचा मोबाइल बंद केला, महिन्याभरात बोलायला लागली. आणि घरात एकच भाषा वगैरे काही नसतं, खुशाल दोन बोला.

लेकुरवाळी:
@निर्मोही, बोलते हो ती. आई, बाबा, काऊ, नको, दे. बोटाने दाखवून हवं ते मागते. प्रश्न चालण्याचा आहे.
@फिजिओ_नेरुळ, रांगत कधीच नाही. ढुंगणावर सरकते. एक हात टेकते, एक पाय दुमडते आणि सूंऽऽ. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये माझ्या आधी पोचते. पायजम्यांना मागून भोकं पडलीत. सातव्या महिन्यात बसायला लागली. उभी केली तर सोफा धरून थोडा वेळ राहते, आपणहून उठत नाही. आमचे डॉक्टर म्हणाले वाट बघा, बूस्टरच्या वेळी बघू.

मधुमालती:
अहो, सरकते हे आधी सांगायचं ना! त्याने सगळंच बदलतं.

निशिगंध:
अगदी माझा भाऊ! दीड वर्षाचा होऊन गेला तरी सरकतच होता, मग एक दिवस उठून चालू लागला. हे घराण्यात असतं बरं का. सासूबाईंना विचारा, तुमचे मिस्टर लहानपणी सरकायचे का. सगळी मुलं रांगतातच असंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांच्या नोंदी घेतल्या होत्या, २००६ साली प्रसिद्ध झाल्या. त्यात शंभरातली चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगलीच नव्हती. आपणहून चालण्याचा काळ त्यांनी साधारण सव्वाआठ ते साडेसतरा महिने असा दिलाय. म्हणजे तुमची लेक अजून त्यात बसते. जेमतेम, पण बसते.

दवबिंदू:
हाडं कमजोर असणार. नाचणी, खारीक पावडर आणि रोज तेल मालीश. आमच्याकडे ऐरोलीहून मालीशवाल्या बाई येत, त्या पाय अशा खेचायच्या की पोर दोन आठवड्यांत उभं राहिलं.

फिजिओ_नेरुळ:
@दवबिंदू, नाचणी जरूर द्या. पाय खेचून मालीश मात्र कृपया कुणीही करू नका, निदान कारण कळेपर्यंत तरी नाही. ड जीवनसत्त्वाचा मुद्दा खरा आहे. टॉवरमधल्या पोरांना ऊन मिळत नाही, आणि बाल्कनीच्या काचेतून आलेल्या उन्हाने ते तयार होत नाही. डॉक्टरांना विचारून तपासून घ्या.
@लेकुरवाळी, ढुंगणावर सरकणारी मुलं उशिरा चालतात हे खरं. त्यातली कित्येक पूर्ण निरोगी असतात, काही दोन वर्षांपर्यंतही थांबतात. पण जन्माबद्दल तुम्ही अजून सांगितलं नाहीत.

लेकुरवाळी:
जन्म वेळेवर. वजन व्यवस्थित होतं. सिझेरियन, कारण पायाळू होती, डोकं वर आणि पाय खाली. सासूबाई म्हणाल्या मिस्टर चांगले रांगायचे, सरकत नव्हते.

टेंभीनाका:
पायाळू! अवांतर: आमच्या चाळीत एक पायाळू काका होते, कुणाची उसण भरली की त्यांना बोलावणं जायचं. पाठीत हलकी लाथ मारायचे आणि माणूस सरळ व्हायचा.

सुहास_कोपरी:
+१. पावसात वीज कडाडली की पायाळू माणसाला घराबाहेर पडू देत नसत. माझी आत्या होती पायाळू.

निर्मोही:
उसणीला लाथेपेक्षा गरम पाण्याची पिशवी बरी.

फिजिओ_नेरुळ:
मंडळी, उसणीचा वेगळा धागा काढा, हे महत्त्वाचं आहे. पायाळू जन्मलेल्या बाळांत, त्यातही मुलींत, खुब्याचा सांधा नीट न बसण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत पक्का नसतो. मुलाला दुखत नाही, म्हणून लक्षात येत नाही. खुब्यांची सोनोग्राफी झाली होती का? आणि आज लंगोट बदलताना तिला सपाट उताणी झोपवा. दोन्ही गुडघे वाकवून हळूच बाहेरच्या बाजूला उघडा, जोर लावू नका. दोन्ही पाय सारखे उघडतात का? वाकवलेले गुडघे एका उंचीला येतात का? मांड्यांच्या वळ्या सारख्या आहेत का?

लेकुरवाळी:
सोनोग्राफी झाली नाही, कुणी सांगितलीच नाही. आत्ता बघितलं. उजवा पाय पार गादीला टेकतो. डावा मध्येच थांबतो, पुढे नेला तर ती कंबर उचलते. डाव्या मांडीला एक वळी जास्त आहे. लंगोट घालताना तो पाय नेहमीच आड येतो, मला वाटायचं खोडी काढते. डावा गुडघा किंचित खाली वाटतो, पण ती हलतेय, नक्की सांगता येत नाही. आता मला खूप भीती वाटतेय.

सुहास_कोपरी:
फिजिओताई, गैरसमज नसावा, पण इंटरनेटवरून एका आईला असं घाबरवणं बरं नाही. वळ्या कमी-जास्त सगळ्याच गुबगुबीत पोरांना असतात.

फिजिओ_नेरुळ:
वळ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, नुसत्या वळ्यांवरून मी काहीच म्हटलं नसतं. पण पायाळू जन्म, मुलगी, एक पाय कमी उघडतोय आणि चालायला उशीर, हे सगळं एकत्र आल्यावर वाट बघा म्हणणं योग्य नाही. निदान मी करत नाहीये, ते हाडांच्या डॉक्टरांनी तपासून आणि एक्स-रे बघूनच होईल. कदाचित काहीच निघणार नाही. पण निघालंच तर वेळेला फार किंमत आहे. पहिल्या सहा महिन्यांत नुसत्या पट्ट्यांनी काम भागतं, नंतर भूल देऊन सांधा बसवून प्लास्टर घालावं लागतं आणि दीड वर्षानंतर बऱ्याचदा शस्त्रक्रिया करावी लागते. ती सतरा महिन्यांची आहे. म्हणून बूस्टरपर्यंत थांबू नका. तोवर वॉकर नको, पांगुळगाडा नको, मालीश नको. तिला सरकायचं तर खुशाल सरकू दे, त्याने नुकसान होत नाही.

मधुमालती:
लहान मुलांच्या हाडांचेच डॉक्टर बघा हं, मोठ्यांचे नकोत. परळच्या वाडिया बालरुग्णालयात हा विभाग आहे. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणे, तिथून धीमी लोकल थेट परळ. पहाटेच निघा, ओपीडीला गर्दी असते. लसीकरणाचं कार्ड आणि सिझेरियनचे कागद सोबत घ्या.

दवबिंदू:
ताई, मालीशचं लिहिलेलं मागे घेते. काय झालं ते नक्की कळवा.

लेकुरवाळी:
धन्यवाद सगळ्यांना. वाशीत लहान मुलांच्या हाडांच्या एका डॉक्टरांची उद्या संध्याकाळची वेळ मिळाली, त्यांनी एक्स-रे तिथेच काढू म्हटलंय. गरज पडली तर परळला जाऊ. सासूबाईंना वॉकर नको म्हणून मिस्टरांनी फोन केला, त्यांना राग आलाय, पण कारण सांगितल्यावर उद्याच निघते म्हणाल्या. एकच विचारायचं होतं, एक्स-रेला ही स्वस्थ झोपेल का? अनोळखी माणूस दिसला की आकांत करते.

फिजिओ_नेरुळ:
काही सेकंदांचं काम असतं. उताणी झोपवून पाय सरळ, गुडघे वर छताकडे करून धरावे लागतात, पाय तिरके राहिले तर फोटो फसवा येतो. मिस्टरांना पाय धरू दे, तुम्ही डोक्याशी थांबून तिच्याशी बोलत राहा. तुम्ही गरोदर असाल किंवा शक्यता असेल तर मात्र आत जाऊ नका, सासूबाईंना पाठवा. धातूची बटणं, चेन असलेले कपडे आणि कमरेचा करगोटा घरीच काढून ठेवा. आणि निघायच्या आधी पोटभर खाऊ घाला, भुकेलं पोर धरवत नाही.