१९ वर्षांची गरोदर, दुसरी खेप, नोंदणी उशिरा. तपासण्या कशा बसवायच्या?

आशा (गावातली आरोग्य कार्यकर्ती), पेठ तालुका: पहिलं बाळ १० महिन्यांचं, अंगावर पितं. मधे पाळी आलीच नाही, म्हणून दिवस गेलेले कळले नाहीत. सासू म्हणते, पहिलं नीट झालं, आता दवाखाना कशाला? त्यात द्राक्षाच्या कामाला दिंडोरीला निघालेत.

एएनएम (उपकेंद्राची नर्स): पाळीची तारीख नाही, तर आधी सोनोग्राफी, जितका उशीर, तितका महिन्यांचा अंदाज चुकतो. मागच्या खेपेला टीडीचे (धनुर्वात-घटसर्पाची लस) दोन्ही डोस झाले असतील तर आता एकच बूस्टर. एचबी (हिमोग्लोबिन) ११ च्या खाली असेल तर लोहाच्या रोज २ गोळ्या, दर महिन्याला पुन्हा एचबी. ७ च्या खाली गेलं तर गोळ्यांवर थांबू नका, मोठ्या दवाखान्यात रेफर करा. लोह आणि कॅल्शियम एकत्र नको, चहासोबत तर नकोच. ‘गोळ्या घेते तरी रक्त वाढत नाही’ याचं कारण बरेचदा हेच असतं.

गटप्रवर्तक (आशांची पर्यवेक्षक): ताई, दोन खेपांत अंतर कमी म्हणजे जोखमीची माता. दर महिन्याच्या ९ तारखेच्या गरोदर मातांच्या तपासणी शिबिरात डॉक्टरांनाच दाखवा. कार्ड तिच्यासोबत द्या, दिंडोरीच्या आशाला आधी फोन करा.

एएनएम: आधारवर वय बघा. १८ च्या आत निघाली तर पॉक्सोखाली (बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कळवावं लागतं. या धाकानेच नावं लपतात. तपासणी मात्र थांबवायची नाही. आणि बाळंतपणानंतर तांबी (पाळणा लांबवण्याचं साधन) बसवण्याचं आत्ताच बोला, कळा सुरू झाल्यावर नाही.